भंगाराचा धंदा, आठवड्याचा हप्ता

कचऱ्यातून रोजगार हा विषय निघाला की आपल्याकडे दोन उपाय हमखास सुचवले जातात: बायकांना प्रशिक्षण द्या आणि त्यांना छोटं कर्ज मिळवून द्या. सल्ला चुकीचा नाही. पण प्रशिक्षण कशाचं आणि कर्ज कोणत्या बेताचं, असं विचारलं की बैठकीत चहा मागवला जातो. प्रशिक्षण म्हणजे बहुतेक वेळा जुन्या साड्यांच्या पिशव्या, वर्तमानपत्राची पाकिटं आणि शेवटी प्रमाणपत्र हातात धरून काढलेला फोटो. कर्ज म्हणजे तीस-चाळीस हजार रुपये आणि लगेच सुरू होणारा आठवड्याचा नाहीतर महिन्याचा हप्ता. भंगाराच्या धंद्याची चाल ज्याने जवळून पाहिली आहे त्याला कळतं की या दोन्हींचं माप दुसऱ्याच कुणासाठी घेतलेलं आहे. हा धंदा वाढावा असं खरंच वाटत असेल, तर कर्ज माणसाच्या नावावर देण्याऐवजी मालावर आणि बिलावर द्यायला हवं, आणि तेही जागा पक्की झाल्यावर.

धंद्याचं गणित सांगतो. समजा, उपनगरात एक लहान दुकान आहे. दहा बाय पंधराचा गाळा, पुढे पत्रे टाकून काढलेला आडोसा, एक इलेक्ट्रॉनिक काटा, हाताखाली दोन माणसं. दिवसाला सहा हजारांची खरेदी होते. वेचणारी बाई संध्याकाळी पोतं घेऊन येते, तिला पैसे तिथल्या तिथे रोख लागतात, कारण रात्रीची चूल त्यावर पेटायची असते. दुकानदार मात्र गाडी भरेपर्यंत माल साठवतो, मग तो ठोक गोदामात किंवा कारखान्यात जातो, आणि तिथून पैसे यायला महिना लागला तर त्यात कुणाला नवल वाटत नाही. म्हणजे सहा हजार गुणिले तीस, एक लाख ऐंशी हजार रुपये कायमचे अडकलेले. चाळीस हजारांचं कर्ज या दुकानात सातव्या दिवशी संपतं. पैसा अजून कारखान्याकडेच आहे आणि इकडे हप्तेवाला दारात उभा.

अशा वेळी दुकान तगतं ते उचलीवर. मोठा गोदामवाला लहान दुकानाला उचल देतो, लहान दुकानदार फेरीवाल्याला देतो, फेरीवाला आणखी कुणाला. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल आपण जाणतो, तिच्यावर लिहिलं-बोललंही जातं; भंगारातली उचल मात्र कुणाच्या नजरेला येत नाही, कारण तिचं व्याज वहीत लिहिलेलं नसतं. ते किलोच्या भावात असतं. उचल घेतली की माल त्याच गोदामात घालायचा आणि बाजारापेक्षा रुपया कमी घ्यायचा, हा अलिखित करार. वीस हजारांची उचल आणि दिवसाला चाळीस किलो माल धरला, तर किलोमागे एक रुपया म्हणजे महिन्याला बाराशे. दरमहा सहा टक्के, वर्षाला बहात्तर. आणि बाराशे रुपये देऊनही मूळ उचल तशीच उभी राहते. गरीब घरांना छोटी कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांचे दर साधारण २२ ते २६ टक्क्यांच्या घरात असतात, म्हणजे कागदावर त्या कितीतरी स्वस्त. तरी दुकानदार उचलीकडेच वळतो, कारण ती मालाबरोबर वाढते, मालाबरोबर थांबते, आणि पावसाळ्यात रद्दी भिजून धंदा बसला तर गोदामवाला चार दिवस दम धरतो. उचल महाग आहे पण तिचा आकार बरोबर आहे. संस्थात्मक कर्ज स्वस्त आहे पण त्याचा आकार चुकलेला आहे. सगळा पेच एवढाच.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या नियमांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला विनातारण दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स, आणि कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. कर्जात बुडणाऱ्या घराला आवर घालणारा हा नियम मला योग्य वाटतो. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात मायक्रोफायनान्सच्या वसुलीच्या जाचातून कर्जदारांच्या आत्महत्या झाल्या, त्या आठवणाऱ्याला तो योग्यच वाटेल. पण त्यामागचं गृहीतक घराचं आहे, धंद्याचं नाही. घराचं उत्पन्न दरमहा थोडंथोडं येतं, त्यातून थोडंथोडं फेडायचं. भंगाराच्या दुकानात मात्र दिवसाला हजारो रुपये हातातून जातात आणि त्यातला फार थोडा भाग आपला असतो. घराच्या मापाने दिलेला पैसा दुकानात घातला की घरही अडतं आणि दुकानही.

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांमध्ये मायक्रोफायनान्सची जी पाहणी केली, ती २०१५ मध्ये इतर देशांतल्या पाच पाहण्यांसोबत प्रसिद्ध झाली. सहाही ठिकाणचा सूर सारखा होता: छोट्या कर्जाने आयुष्य पालटतं असा पुरावा नाही, आणि ते सरसकट उद्ध्वस्त करतं असाही नाही. हैदराबादेत ज्यांचा धंदा आधीपासून चालू होता त्यांना कर्जाचा उपयोग झाला, नव्याने उघडलेली दुकानं बहुतेक लहानच राहिली. आपल्याकडे मात्र योजना आखणाऱ्यांना नवउद्योजक फार प्रिय. वीस वर्षं काटा धरलेली बाई त्यांना दिसत नाही.

ती बाई कोण, हे पुण्यापुरतं सांगता येतं. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर मराठवाडा-सोलापूरकडून आलेली, बहुतेक वेळा दलित, हातात दुसरं कौशल्य नाही म्हणून कचराकुंडीकडे वळलेली, किंवा तसं वळलेल्या बाईची मुलगी, सून. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या पूर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण यांच्या कामातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पंचायतीने आधी ओळखपत्रं मिळवली, पतसंस्था काढली, स्वतःची भंगार दुकानं चालवली. मग २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार होऊन ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करू लागली. आज तिच्यात साडेतीन हजारांहून अधिक जण आहेत. क्रम बघण्यासारखा आहे. ओळख आधी, कचऱ्यावरचा हक्क आधी, काटा आधी. कर्ज आणि प्रशिक्षण त्याला धरून आलं. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने १९९९ पासून ‘परिसर विकास’मधून वेचक बायकांना ओल्या कचऱ्याचं खत करणं, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘निसर्गऋण’ पद्धतीचा बायोगॅस प्रकल्प चालवणं शिकवलं, ते टिकलं ते शिकल्यावर काम करायला सोसायट्या आणि प्रकल्प होते म्हणून. हे काम नसतं तर खताचं प्रमाणपत्रही साडीच्या पिशवीच्याच वाटेने गेलं असतं.

आता प्रशिक्षणाकडे येतो, कारण यात सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. वर्गीकरणाच्या जागेवर तासभर बसावं. एक बाई पाण्याची बाटली उचलते, झाकण पिरगाळून एका पोत्यात, लेबल फाडून दुसरीकडे, बाटली तिसऱ्यात, आणि हे करताना ती शेजारणीशी लेकीच्या शाळेबद्दल बोलत असते. बाटली ‘पेट’ (पीईटी) नावाच्या प्लास्टिकची, झाकण वेगळ्या प्लास्टिकचं. पिशवी हातात चुरगाळली की आवाजावरून ती सांगते: कडकड वाजली तर पीपी (पॉलिप्रॉपिलीन), मऊ राहिली तर एलडी (कमी घनतेचं पॉलिथिलीन). शंका आली तर तुकडा पाण्यात टाकायचा, पीपी आणि एचडी (जास्त घनतेचं पॉलिथिलीन) तरंगतात, पेट आणि पीव्हीसी बुडतात. दोन्ही बुडणारे एकमेकांत मिसळले तर पंचाईत, कारण पेट वितळवण्याच्या तापमानाला पीव्हीसी जळतो, त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि सगळा माल पिवळा-तपकिरी पडतो. म्हणून पेटच्या दाबून बांधलेल्या गाठीत पीव्हीसी सापडला की कारखाना भाव पाडतो किंवा गाडी परत धाडतो. बऱ्याच ठिकाणी ओळख पटवायला तुकडा जाळून वास घेतात. मेणबत्तीसारखा वास आला तर पॉलिथिलीन, डोळे चुरचुरले तर पीव्हीसी. ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिचा धूर छातीत साचत जातो.

अशा बाईला ‘कचरा वर्गीकरणाची ओळख’ शिकवायला आपण पदवीधर पाठवतो. तिला जे येतं तेच तिला शिकवतो, आणि जे येत नाही त्याचं नाव काढत नाही. तिला येत नाही ते दुकानाच्या उंबऱ्यापलीकडचं. गाडी कारखान्यात पोचल्यावर ‘घट’, म्हणजे वजनातली कपात, किती धरली, पुठ्ठ्यातल्या ओलाव्यासाठी किती किलो कापले, ते बरोबर की मनमानी, हे तपासायचं कसं. काट्यावर वजनं-मापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचा त्या वर्षीचा शिक्का आहे का ते बघायचं. माल दाबून गाठ बांधायचं यंत्र, म्हणजे प्रेस, घेतली तर कधी परवडते: मोकळ्या बाटल्यांनी भरलेली गाडी म्हणजे अर्ध्याहून जास्त भाडं हवेचं, पण प्रेसला वीज लागते, जागा लागते, आणि रोजचा माल पुरेसा नसला तर ती कोपऱ्यात गंजते. प्रेस कधी घ्यायची नाही हे सांगणारं प्रशिक्षण मी अजून पाहिलेलं नाही. दाखवायला म्हणून दुकानाला यंत्र मिळतं, आणि त्याचे हप्ते काट्यावरच्या कमाईतून जातात.

आणि मग कागदपत्रं. मालाची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. चाळीस लाख ऐकायला मोठे वाटतात. दिवसाला भागले तर अकरा हजारांच्याही आत येतात. म्हणजे आपलं सहा हजारांचं दुकान दुप्पट झालं की कराच्या जाळ्यात. ऑक्टोबर २०२१ मध्ये प्लास्टिक भंगारावरचा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के केला गेला. वेचणारीकडून घेतलेल्या मालावर कर भरलेला नसतो, त्यामुळे विक्रीवरच्या करातून वजावट मिळत नाही. कारखान्याकडून कर वसूल होतो खरा, पण कारखाना पैसे देतो महिन्या-दीड महिन्याने आणि सरकारला भरणा हवा पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत. विकलेल्या मालाचा पैसा हाती नाही, त्यावरचा कर मात्र खिशातून. या पेचातून सुटायला दुकानं दोन वाटा शोधतात: वाढायचंच नाही, किंवा बिलाशिवाय विकायचं. दोन्ही वाटांनी बँकेचा दरवाजा बंद होतो.

यातलीच आणखी एक गोम. छोट्या उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं केलं पाहिजे असं २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा) कायदा म्हणतो, आणि अलीकडे आयकर कायद्यानेही त्याला धार दिली आहे. पण हे संरक्षण उत्पादन आणि सेवा उद्योगांना. जुलै २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी खुली झाली ती केवळ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. भंगार दुकानाने ‘घाऊक व्यापार’ अशी नोंद केली तर उशिरा पैसे देणाऱ्या कारखान्यापुढे ते निःशस्त्र. वास्तविक ते दुकान निवडतं, साफ करतं, कापतं, गाठी बांधतं, आणि उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणात ‘मटेरियल रिकव्हरी’ (टाकाऊतून माल परत मिळवणं) असा स्वतंत्र गट आहे. फॉर्म भरताना कुठल्या चौकटीत खूण करायची हे शिकवायला अर्धा दिवस पुरतो. त्या अर्ध्या दिवसाची किंमत महिनाभराच्या हस्तकला शिबिराहून जास्त आहे, पण त्याचा फोटो चांगला येत नाही.

केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आणली. तिची रचना मला आवडते: आधी काही दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला पाचशे रुपये भत्ता, अवजारांसाठी पंधरा हजार, मग पाच टक्के व्याजाने एक लाख, ते फेडले की दोन लाख. प्रशिक्षण आणि कर्ज एकाच दोरीत ओवलेलं. पण त्या अठरा व्यवसायांच्या यादीत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, शिंपी आहेत आणि भंगार नाही. जातीने नेमून दिलेला परंपरागत धंदा असेल तरच तो कसब, आणि शहरातल्या दारिद्र्याने लादलेला असेल तर ती मजुरी, असा काहीसा हिशेब यामागे दिसतो. कचरावेचकांना २०२४ मध्ये सफाई कामगारांसाठीच्या ‘नमस्ते’ या वेगळ्या योजनेत घेतलं गेलं. त्यात ओळख, सुरक्षा साहित्य, आरोग्य विमा यांवर भर आहे. हे हवंच होतं. पण सफाईच्या योजनेत बसवलेला माणूस लाभार्थी राहतो, त्याचा व्यापारी होत नाही.

मग करायचं काय? उत्तर आपल्याच राज्यात आहे आणि शेतकऱ्याला ते तोंडपाठ आहे. राज्य कृषी पणन मंडळ १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना राबवतं. सुगीत भाव पडलेले असताना सोयाबीन, तूर बाजार समितीच्या गोदामात ठेवायची, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत पैसे सहा टक्क्यांनी घ्यायचे, सहा महिन्यांत भाव बघून विकायचं. निवडलेल्या, गाठी बांधलेल्या भंगाराला हाच न्याय का नाही? पेटची गाठ सडत नाही, तिला कीड लागत नाही, ती मोजता येते. दुकानाने गाठी सामायिक गोदामात लावाव्यात, पावती घ्यावी, पावतीवर पतसंस्थेने त्याच दिवशी पैसे द्यावेत, गाडी विकली की कर्ज आपोआप वळतं व्हावं. हप्ता नाही, तारीख नाही, दोन महिन्यांची कमाल मुदत पुरे. दुकान वाढलं तर कर्ज वाढेल, मंदावलं तर कमी होईल. उचलीचा आकार तोच, किलोमागचा रुपया मात्र वाचला. आणि गाठी एकत्र आल्यामुळे दहा दुकानांची मिळून एक भरलेली गाडी थेट कारखान्यात जाऊ शकते, मधला ठोकवाला गळतो.

भाव कोसळला तर, हा आक्षेप खरा आहे. २००८ च्या शेवटी जागतिक मंदीत रद्दी आणि प्लास्टिकचे भाव असे आपटले की वेचणाऱ्यांची कमाई उतरली. कच्चं तेल स्वस्त झालं की नवं प्लास्टिक स्वस्त होतं आणि पुनर्वापरातून केलेल्या प्लास्टिकच्या दाण्याला गिऱ्हाईक उरत नाही. म्हणून इथे ७५ टक्के नको, पन्नास-साठ टक्केच द्यावेत, आणि पुठ्ठ्यावर त्याहून कमी, कारण तो भिजतो. दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो: दुकान मोठं झालं म्हणजे वेचणारीला काय मिळालं? काल वेचणारी होती ती उद्या दुकानदारीण होऊन काटा मारणार नाही कशावरून? नाही याची हमी कुणी देऊ नये. म्हणून हे कर्ज एकट्या व्यक्तीच्या दुकानाला देण्याआधी वेचणाऱ्यांच्या संस्थेने चालवलेल्या दुकानाला मिळावं, जिथे वर्षअखेरचा नफा वजनाच्या प्रमाणात माल घालणाऱ्या बायकांकडे परततो. एकट्याच्या दुकानाला द्यायचं तर रोजचा भाव फळ्यावर लिहिण्याची अट घालावी. फळा खोटं बोलू शकतो, पण शेजारच्या दुकानाच्या फळ्यासमोर फार काळ नाही.

आणि जागा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडी-चिखली भागात महापालिकेने काही दिवसांत हजारो शेड आणि गोदामं पाडली. त्यात भंगाराची किती होती ते त्या रस्त्याने गेलेला कुणीही सांगेल. बांधकामं बेकायदा होती, आगी लागत होत्या, धूर होता, हे मान्य. पण जो धंदा शहराला रोज लागतो त्याला कायदेशीर जागा कुठे ठेवली होती? २०१६ च्या घनकचरा नियमांत औद्योगिक वसाहतींनी किमान पाच टक्के क्षेत्र किंवा पाच भूखंड पुनर्वापरासाठी राखावेत असं लिहिलं होतं, आणि वेचकांना वर्गीकरणासाठी पुरेशी जागा देणं हे स्थानिक संस्थांचं काम ठरवलं होतं. राखलेले भूखंड एमआयडीसीच्या नकाशावर कुठे आहेत, हे एखाद्या आमदाराने अधिवेशनात विचारायला हरकत नाही. जागा पक्की नसताना प्रेससाठी कर्ज देणं म्हणजे बुलडोझरच्या वाटेवर पैसे पेरणं. यंत्राचा ढिगारा होतो, हप्ता शाबूत राहतो.

राहिला प्रश्न पहिल्या तोट्याचा, कारण पतसंस्था सभासदांच्या ठेवींवर चालतात आणि त्या ठेवी वेचणाऱ्या बायकांच्याच घामाच्या असतात. तो तोटा त्यांच्या माथी मारू नये. वेचणाऱ्यांनी उचललेला प्रत्येक टन महापालिकेला वाहून न्यावा लागत नाही, त्यावर प्रक्रिया करावी लागत नाही, डेपोत जागा द्यावी लागत नाही. हा वाचलेला खर्च पालिका आज अंदाजपत्रकात कुठेच दाखवत नाही. त्यातला लहानसा वाटा हमी निधी म्हणून बाजूला काढावा, गोदामाला छप्पर आणि आगविमा द्यावा, आणि तारण कर्ज बुडालं तर पहिले दहा टक्के तिथून भरावेत. प्लास्टिकच्या उत्पादकांनी आपल्या मालाच्या कचऱ्याची सोय लावायची ही ‘विस्तारित जबाबदारी’ २०२२ पासून सक्तीची झाली आहे, त्यांच्याकडूनही या निधीत पैसे घ्यावेत. पुनर्वापर केल्याच्या प्रमाणपत्रांच्या बाजारात फिरणारा तो पैसा सध्या नोंदणीकृत कारखान्यापाशी थांबतो, आणि २०२३ च्या सरकारी तपासणीत लाखो प्रमाणपत्रं खोटी निघाली. गोदामाच्या पावतीवर माल कुणी घातला, किती घातला हे नाव-वजनासह लिहिलेलं असेल, तर तोच कागद पतसंस्थेलाही चालेल आणि उत्पादकालाही. सुरुवात एका प्रभागात, पालिकेच्या एका वर्गीकरण शेडमध्ये, तीन-चार दुकानं आणि एका पतसंस्थेला घेऊन करता येईल. नवा कायदा लागत नाही, शेडची किल्ली संध्याकाळी सातनंतर कुणाकडे असेल एवढं मात्र लेखी ठरवून घ्यावं लागेल, कारण वेचणाऱ्या बायका माल घेऊन येतात त्या वेळेला पालिकेचं ऑफिस बंद झालेलं असतं.